बसऱ्याची एक चिठ्ठी आणि वऱ्हाडातले दोन संघ

मागल्या वर्षी याच मासिकात बसऱ्याच्या छावणीतल्या आठवणींचा माझा एक लेख आला होता. त्यात खजुराची बने होती, उन्हाने तापलेले तंबू होते, आणि आम्हा पुण्याच्या चार कारकुनांनी एका संध्याकाळी बाजाची पेटी मिळवून केलेल्या गाण्याच्या बैठकीचे दीड पान वर्णन होते. पुष्कळ वाचकांना ते आवडले. त्या संध्याकाळी माझ्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी होती, एवढे मात्र मी लिहिले नाही. ते आता लिहितो, कारण तिच्यापायी मला या माघात वऱ्हाडात जावे लागले.

मोठ्या लढाईच्या वेळी मी बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात रायटर, म्हणजे कारकून, होतो. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून एकाच दिवशी भरती झालेले दोन दोस्त तिथे होते. पुंजाजी खच्चरांच्या तांड्यात आणि गुलाब डोलीवाल्यांत, म्हणजे आजाऱ्यांना डोलीत घालून वाहून नेणाऱ्यांत. पुंजाजीच्या पायाला जखम होऊन ती चिघळली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की, या माणसाला उद्या सकाळच्या आगबोटीने मुंबईला पाठवा. ती दिवस मावळायच्या आत डोलीवाल्यांकडे देणे माझे काम होते. मी ती खिशात घातली आणि गाण्याला जाऊन बसलो. सकाळी आगबोट गेली. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "गुलाबकडे दिली होती." गुलाब समोरच उभा होता. तो नाही म्हणाला, पण कारकुनापुढे डोलीवाल्याचे कोण ऐकणार? आठ दिवसांनी पुंजाजीचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. पुढे तीन आठवडे मी रोज त्याच्या उशाशी बसत असे. ते बसणे प्रायश्चित्त होते की पाळत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लढाई संपून आता चौदा वर्षे होत आली. माझा लेख अमरावतीत कोणीतरी वाचला आणि तिथल्या जुन्या शिपायांच्या संघाचे पत्र आले. वार्षिक मेळाव्याला मी प्रमुख पाहुणा म्हणून यावे. खाली अध्यक्षांची सही आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ: "पुंजाजी तुमची लय आठवण काढतो." मी ती चिठ्ठी पेटीच्या तळातून काढली, आतल्या खिशात ठेवली आणि निघालो. पोचल्यावर तासाभरात सगळे सांगून मोकळे व्हायचे, असा माझा बेत होता. वऱ्हाडची मला काहीच माहिती नव्हती.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरलो तो फलाटावर कोणी नाही. सगळा संघ मला घ्यायला बडनेऱ्याला गेला होता आणि तिथल्या गर्दीत आमची चुकामूक झाली होती. पाहुणा मोठा, म्हणून त्याला जंक्शनवरच गाठायचे ठरले होते आणि मला तेवढे कळवायचे राहिले होते. मी दीड तास बाकावर बसलो. पुढच्या गाडीने वीस-बावीस माणसे एक ढोल आणि एक कर्णा घेऊन उतरली आणि मला बाकावर पाहून चक्क रागावली.

"अहो, तुमी इथं कसे?" खाकी कोट घातलेले, काखेत छडी धरलेले एक उंच म्हातारे म्हणाले. हे संघाचे अध्यक्ष जमादार बळीरामजी. "तुमाले तं बडनेऱ्याले थांबाचं होतं."

"मला तसे कळवले नव्हते."

"कळवाचं काय त्यात? ठराव झालता नं!"

मग एक अडचण निघाली. ठरावात हार बडनेऱ्याला घालायचा होता. तो अमरावतीला घातला तर चालेल का, यावर फलाटावरच वाद जुंपला. मी हात पुढे करून म्हणालो की, हार माझ्या हातात दिला तरी चालेल. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. शेवटी हमालांच्या देखत हात वर करून दुरुस्ती मंजूर झाली आणि झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला. त्यात एक मधमाशी होती. ती माझ्या मानेला चावली, आणि त्याबद्दल मात्र काही ठराव झाला नाही.

गर्दीच्या मागून खट् खट् करत एक वाळकी मूर्ती आली. लाकडी पाय, पांढरी खुरटी दाढी, डोईला मळकट पागोटे.

"रायटरसाहेब, वळखलं का मले?"

"ओळखले, पुंजाजी."

"म्हातारे झाले तुमी."

"तुम्हीही झालात."

"मी अर्धाच झालो. बाकीचा तिकडंच रायला बसऱ्याले, तो अजून जवानच असन!"

सगळे खदखदून हसले. मला हसता आले नाही. मी त्याचा हात धरून हळूच म्हणालो, "पुंजाजी, मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचे आहे."

"बोलू नं. पयले जेवून तं घ्या."

हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत मी किती वेळा ऐकले याला सुमार नाही. आमच्याकडे पुण्यात पाहुणा आला म्हणजे त्याला पाणी देऊन, खोली दाखवून, दार लोटून घेतात. वऱ्हाडात पाहुण्याला एकटे सोडणे म्हणजे त्याचा अपमान. मी हातपाय धुवायला गेलो तर तिघे जण बरोबर आले. मी सतरंजीवर आडवा झालो तर चौघे जण मांडी घालून मला झोप लागते का ते पाहत बसले. दर पाऊण तासाने चहा. नको म्हटले की, "काहून? आमच्या हातचा चालत नाई का?" असा रोख प्रश्न. त्या प्रश्नाला चहा पिण्याखेरीज उत्तर नाही.

मेळावा एका जिनिंगच्या आवारात होता. एका बाजूला सरकीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कापसाच्या गाड्या, मध्ये मांडव. जेवणाला रोडगे होते. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, फोडून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या जहाल भाजीशी खातात. वांगी पुंजाजीच्या मळ्यातली होती; लढाईनंतर त्याने अमरावतीबाहेर मळा केला होता. भाजीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढले, पण इतके चविष्ट अन्न मी पुष्कळ दिवसांत खाल्ले नव्हते, हेही खरे लिहिले पाहिजे.

मात्र पंगत बसायलाच तास लागला. संघाच्या रिवाजाप्रमाणे समुद्र ओलांडून गेलेले पुढच्या पंगतीत बसतात आणि देशातल्याच छावणीत राहिलेले मागच्या पंगतीत. एका सभासदाची आगबोट मुंबईहून निघाली आणि इंजिन बिघडून दुसऱ्या दिवशी परत आली. त्याने समुद्र ओलांडला की नाही, याचा वाद दर साली नव्याने होतो. यंदाही झाला. शेवटी त्याला दोन्ही पंगतींच्या मधल्या कोपऱ्यात आडवा पाट मिळाला. "मागच्या सालीबी इथंच बसलो होतो," तो मला म्हणाला, "पण भांडल्याबिगर जेवन गोड लागत नाई."

मी पुंजाजीशेजारी पाट मागितला. पाहुण्याचा पाट जमादारांशेजारीच असतो, असे कळले.

मेळाव्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक. पुंजाजी लाकडी पायाने सगळी पेठ चालला आणि मी बैलगाडीत बसलो. मला उतरू देईनात. गाडीवरून मला त्याचे पागोटे दिसत होते, दर पावलाला एका बाजूला कलणारे. अंबादेवीच्या देवळापाशी मी ओरडून गाडीवानाला थांबायला सांगितले, तर लोकांना वाटले की पाहुण्यांना दर्शन घ्यायचे आहे. मला देवळात नेले, प्रसाद दिला आणि पुन्हा गाडीत बसवले.

दुपारी जेवणानंतर 'गोष्टी' सुरू झाल्या. या संघाचे खरे काम हेच. प्रत्येक सभासदाची लढाईतली एक गोष्ट ठरलेली आहे आणि ती त्यानेच सांगायची. दर साली तीच. सगळ्यांना सगळ्या गोष्टी पाठ. जमादार छडी घेऊन बसतात, आणि कोणी नवा शब्द घातला की छडी पाटावर आपटतात. एकाने यंदा तोफेचे गोळे तिनाऐवजी पाच केले. छडी आपटली. "हे मांगच्या साली नव्हतं!" तो बिचारा तिनावर आला. मला आधी मौज वाटली. मग जांभया आल्या. मग पुंजाजी उभा राहिला आणि माझी झोप उडाली.

त्याची गोष्ट म्हणजे त्याच्या पायाची गोष्ट. मी मांडवातल्या गादीवर, गळ्यात ताजा हार घालून बसलो होतो. तो सांगत होता आणि मंडळी तालावर साथ देत होती.

"डागदरानं चिठ्ठी लेहली. रायटरसाहेबानं चिठ्ठी देल्ली. आगबोट गेली, पुंजाजी रायला. अन् चिठ्ठी?"

सगळा मांडव एका आवाजात ओरडला, "गुलाब्यानं हरवली!"

"अन् पाय?"

"गुलाब्यानं गमावला!"

माझे खोटे वाक्य चौदा वर्षांत आरतीसारखे झाले होते. शेजारच्या माणसाला मी विचारले, गुलाब कुठे असतो? तो म्हणाला, "अकोल्याले. इथं कोनी त्याच्या हातचं पानी पेत नव्हतं, म्हून तिकडं गेला. त्यानं तिकडं दुसरा संघ काढला नं. आमच्याइरुद्ध." दोन्ही संघांत चौदा वर्षांचा बहिष्कार होता. लग्नात, मरणात, बाजारात, कुठेही एकमेकांशी बोलायचे नाही. मी समजत होतो की, माझ्या हातून एका माणसाचा पाय गेला. इथे दोन जिल्हे तुटले होते.

मी उठलो. "थांबा, मला काही सांगायचे आहे."

छडी आपटली. "पाव्हन्यायचं भाषन चार वाजता."

चार वाजले. मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. चिठ्ठी मी दिलीच नाही, ती माझ्या खिशात होती, मी गाणे ऐकत बसलो आणि नाव गुलाबचे सांगितले. बोलणे संपले. मला वाटले, आता उठतील आणि मला बाहेर काढतील. मनातून मला तेच हवे होते.

त्याऐवजी टाळ्यांचा कडकडाट झाला.

जमादारांनी डोळे पुसले. "पाहा लेकहो," ते म्हणाले, "याले म्हन्ते मोठा मानूस! गुलाब्यासारख्या मानसाचा दोष हे आपल्या अंगावर घेऊन रायले! का, तं दोन संघ एक व्हावे. आपल्यात हाय का कोनाची अशी छाती?" आणि लगेच माझ्या थोर मनाबद्दल आभाराचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. मी "अहो, खरेच सांगतो!" म्हणून ओरडलो, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या.

आता मला जे कबूल करायचे आहे ते पहिल्या अपराधाहून मला जास्त लाजिरवाणे वाटते. चिठ्ठी त्या क्षणी माझ्या खिशात होती. ती काढून जमादारांच्या हातात दिली असती तर टाळ्या तिथेच थांबल्या असत्या. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. टाळ्या गोड लागत होत्या. त्यांच्या अडाणीपणावर मी मनातून चरफडत होतो आणि तोच अडाणीपणा पांघरून उभा होतो.

पुंजाजी खट् खट् करत आला. त्याचे डोळे भरले होते. "साहेब, त्या गुलाब्यासाठी तुमी एवढं काहून करून रायले? त्याची लायकी नाई."

मी पुण्याला परतल्यावर मला जमादारांचे पत्र आले, ते इथेच सांगून टाकतो. लिहितात की, पुंजाजीच्या गोष्टीत फेरफार व्हावा अशी माझी इच्छा असल्यास तशी सूचना मेळाव्यापूर्वी एक महिना लेखी पाठवावी.

पुंजाजीचा मळा

तिसऱ्या दिवशी उजाडताच, माझ्या पहारेकऱ्यांचा डोळा लागलेला पाहून मी गावाबाहेर पुंजाजीच्या मळ्यात गेलो. मोटेचे पाणी पाटातून वांग्यांना जात होते. त्याची बायको सरूबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. काळी जमीन अशी की पाऊल टाकले की बुटाला शेरभर चिकटते. मी दोनदा घसरलो आणि तिसऱ्यांदा पडलो.

"बसा, चहा टाकते," सरूबाई म्हणाली.

"चहा नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की, पलीकडचा बैल बिचकला. मग चिखलाच्या हातांनीच चिठ्ठी काढून मी पुंजाजीपुढे धरली.

"हे काय व्हय?"

"डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. ती गुलाबकडे कधी गेलीच नाही. चौदा वर्षे माझ्याकडे आहे."

त्याला वाचता येत नव्हते. पण इंग्रजी आकडे त्याला एकाच ठिकाणचे ओळखता येत होते, ते म्हणजे त्याच्या लष्करी बिल्ल्यावरचे. त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि आकड्यांवरून बोट फिरवले, एकदा, दोनदा, तीनदा.

"हा तं माझा लंबर हाय," तो म्हणाला.

"हो."

"माझाच हाय."

मी वाट पाहत राहिलो. त्याने शिव्या दिल्या असत्या, कुदळ उचलली असती तरी मला बरे वाटले असते. तो त्या आकड्यांवर बोट ठेवून बसला. वांग्यांचे वाफे भरून पाणी वाटेवर वाहू लागले तरी तो दारे मोडून पाणी वळवायला उठला नाही. ते सरूबाईने वळवले. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमची गाडी कितीची हाय?"

चहा न देता पाठवलेला त्या जिल्ह्यातला पहिला पाहुणा बहुधा मीच.

अकोला

परतीच्या वाटेवर अकोला लागते. माझे तिकीट पुढचे होते, पण मी उतरलो. गुलाबला सांगितल्याशिवाय पुण्याला जाणे शक्य नव्हते. ज्याचा पाय गेला त्याच्यापाशी मला बोलावले होते. ज्याचे नाव गेले त्याच्याकडे मी बिनबोलावता चाललो होतो, आणि भीती त्याचीच अधिक वाटत होती.

अकोल्याचा संघ म्हणजे मोर्णा नदीच्या काठी एक पत्र्याचे छप्पर आणि सात माणसे. मी पोचलो तेव्हा छपरात कोणी नव्हते. भिंतीशी चार बाजा उभ्या केलेल्या होत्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना लांब बांबू बांधलेले. बऱ्याच वेळाने चौघे जण तशीच एक रिकामी बाज खांद्यावरून उतरवत आले, घामाने निथळत. पुढचा ठेंगणा, रुंद खांद्यांचा. तो गुलाबराव. मला पाहून तो थांबला.

"रायटरसाहेब," तो म्हणाला. ओळखले का, असे विचारले नाही.

या संघाचे काम एवढेच. आसपासच्या खेड्यांत कोणी अडलेली बाई, कोणी ताप चढलेला माणूस असला आणि गाडीवाट नसली की निरोप येतो. हे जातात आणि बाजेवरून उचलून त्याला सरकारी इस्पितळात आणतात. त्या दिवशी तीन कोसांवरून एका म्हाताऱ्याला आणले होते. गोष्टी सांगायची इथे सक्त बंदी. लढाईचे नाव काढले की त्या दिवशी छप्पर झाडायचे काम त्याच्याकडे.

मी त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. अमरावतीची टाळ्यांची फजितीही सांगितली. तो बांबूच्या दोऱ्या सोडत ऐकत होता.

"हे मले काहून सांगून रायले?" तो म्हणाला. "मले तं माहीत हाय, चिठ्ठी मले भेटली नाई. ज्याले माहीत नाई त्याले सांगा."

"पुंजाजीला सांगितले. चिठ्ठीही दाखवली."

त्याचे हात थांबले. "मंग? काय म्हने तो?"

"काही बोलला नाही."

"काहीच नाई?"

"नाही."

गुलाबराव मान खाली घालून पुन्हा दोरी सोडू लागला. गाठ सुटत नव्हती. मागून त्याचा एक सोबती म्हणाला, "अध्यक्ष, हे लढाईचं बोलनं झालं. आज झाडू तुमच्याकडं." त्यावर सगळे हसले. गुलाबराव हसला नाही. तो खरेच उठला आणि छप्पर झाडू लागला.

मी त्याची क्षमा मागितली. तो झाडतच म्हणाला, "साहेब, तुमी जेवले का?"

मला रडू आले ते संतापाने. या प्रांतात माणसाला अपराधी होण्याचीही सोय नाही. शिव्या मागाव्या तर हार घालतात, शिक्षा मागावी तर भाकर वाढतात. मी ज्वारीची भाकर आणि झुणका खाल्ला, आणि त्याने जागा दिली तिथे त्या छपरातच मुक्काम केला.

अकोला, दुसरा दिवस

सकाळी मी स्टेशनला जायची तयारी करत होतो. बाहेर खट् खट् असा आवाज आला आणि छपरातली सहा माणसे उभी राहिली. दारात पुंजाजी. अमरावती संघाच्या सभासदाने अकोल्याच्या छपराला पाय लावायची ही पहिली वेळ. कोणी या म्हणाले नाही, कोणी जा म्हणाले नाही. बहिष्कारात असा प्रसंग आला तर काय करायचे, हे कोणीच ठरवलेले नव्हते.

गुलाबराव कोपऱ्यात चुलीशी होता. तो उठला नाही. मान वर करून म्हणाला, "बस. पाय दुखत असन."

"कोन्ता?" पुंजाजी म्हणाला.

"जो नाई तो."

पुंजाजी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "लय दुखते बे," तो म्हणाला. "अंगठा दुखते. कोनाले सांगतलं तं हासते."

"हासन नाई तं काय. आमी लय पाह्यले तसे, इस्पितळात. थंडीत जास्त दुखते."

"हाव, थंडीतच."

गुलाबरावाने एक बाज आडवी टाकली आणि पुंजाजी तिच्यावर बसला. बाकीचे सहा जण काही कामे काढून एकेक करून बाहेर गेले. मी राहिलो. मी गेलो असतो तर बरे झाले असते, पण मला वाटले, आता माझी पाळी. मी पुंजाजीपुढे बसलो आणि गेले काही दिवस घोकलेले सगळे पुन्हा म्हणालो. माझ्यामुळे त्याचा पाय गेला, मला जी शिक्षा द्यायची ती त्याने द्यावी.

पुंजाजी माझ्याकडे बघत राहिला. आता तो रागावला होता, आणि त्याचा राग मला वाटला होता तसा नव्हता.

"पायाचं काय घेऊन बसले, साहेब? बसऱ्याले पोट्ट्यायचे जीव गेले. त्या आगबोटीनं गेलो असतो तरी पाय रायला असता का नाई, कोनाले ठाऊक. पायाचं मी तुमाले कवाच सोडलं असतं." त्याने गुलाबरावाकडे बोट केले. "पन याची माय मेली तवा मी गेलो नाई. तिनं मले लहानपनी जेवू घातलं, अन् मी मातीले गेलो नाई. याच्या पोरीचं लगन झालं, मी रस्त्यानं चाललो होतो, तं तोंड फिरवलं. बाजारात हा समोरून आला तं थुकलो मी. चौदा साल दर मेळाव्यात उभा राहून याचं नाव घेतलं, अन् लोकायनं टाया पिटल्या. हे मी केलं, साहेब. तुमी चिठ्ठी ठेवली, पन थुकलो तं मी नं?"

चौदा वर्षे मी एका पायाचे ओझे वाहत होतो, आणि त्या ओझ्याने मी स्वतःला जरा मोठाही वाटत होतो. तो ज्याबद्दल बोलत होता ते माझ्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

गुलाबराव चुलीवरून म्हणाला, "थुकला तवा मांगून बैलगाडी येत होती. तुले दिसली नाई. मी वरडलो, 'पुंजा, सरक,' तं तू सरकला."

"तो तू होता?"

"मंग कोन?"

पुंजाजीने बाजेवर लाकडी पाय सरळ केला. मग विचारले, "पोरगी कुठं देल्ली?"

"अंजनगावले. पानमळेवाल्यायच्या घरी."

"लेकरं?"

"दोन. लहानी लय खोडसाळ हाय, तुह्यासारखी."

"माह्यासारखी कशी असन? तू तं माह्या नावानं बोटं मोडत असशीन."

"नाव कोन घेत होतं तुहं? इथं बंदी हाय."

मी मध्येच म्हणालो की, मी पुढच्या वर्षी पुन्हा अमरावतीला येईन, चिठ्ठी सगळ्यांपुढे ठेवीन, दोन्ही संघ एक करण्यासाठी लागेल ते लिहून देईन. मी आणखीही काही सांगत होतो. पुंजाजीने हात वर करून मला थांबवले. त्यात राग नव्हता. आजाऱ्याच्या खोलीत मोठ्याने बोलणाऱ्याला थांबवावे तसे ते होते.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी आता जा. आमाले बोलू द्या."